तीन वर्षांत पाहिलेला एकच सामना

अठरा ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी. सकाळी साडेआठला देव घासायला काढले. जर्मनीत, फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये देवघर म्हणजे पुस्तकांच्या शेल्फचा वरून दुसरा कप्पा. पितळी मूर्ती चिंचेच्या पाण्यात टाकल्या आणि खालचं लाल कापड धुवायला ओढलं, तर त्याखालून एक पिवळं पाकीट निघालं. वर हळद-कुंकवाचं बोट आणि चार अक्षता. पाकिटावर माझ्या मुलीचं नाव होतं.

इथे पिवळं पाकीट म्हणजे सरकारी बजावणी. सही वगैरे मागत नाहीत. पोस्टमन पाकिटावर हाताने तारीख लिहितो आणि पेटीत टाकून जातो. मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पाकीट उघडा नाहीतर उघडू नका. तारीख होती बारा सप्टेंबर.

दुसऱ्याचं पत्र उघडायचं नसतं हे मला माहीत आहे. मी उघडलं.

मुलगी कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठात मेकॅनिकल करते, तिथेच वसतिगृहात राहते, पण कागदोपत्री पत्ता आमचाच. सहामाही संपताना एक पेपर राहिलाय, एवढंच ती आम्हाला बोलली होती. पत्रात लिहिलं होतं की त्या पेपरात ती तिसऱ्यांदा नापास झाली. इथे तिसऱ्यांदा नापास म्हणजे संपलं. नाव कमी होतं आणि तो विषय जर्मनीत दुसऱ्या कुठल्या विद्यापीठातही घेता येत नाही. शेवटच्या परिच्छेदात, हरकत असल्यास एका महिन्यात लेखी कळवावी. महिना सोमवारी संपला होता. आज शनिवार.

सासूबाई ऑगस्टपासून आमच्याकडे होत्या. रोज खाली जाऊन पेटीतलं पोस्ट आणायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं होतं.

"अहो आई, हे इथे कोणी ठेवलं?"

"मीच. पिवळं पाकीट, वर पोरीचं नाव. म्हटलं, काहीतरी शुभच असणार. पण पितृपंधरवडा चालू होता ना, तेव्हा उघडू नये. म्हणून देवाखाली ठेवलं. घट बसले की देणार होते तुला." त्यांनी कपाळाला हात लावला. "विसरलेच बघ. पास झाली का गं?"

"ती आली की बघू," मी म्हटलं.

मुलगी सप्टेंबरभर दर रविवारी फोनवर विचारायची, "पोस्ट दा?" म्हणजे पोस्ट आलंय का, आणि मी न बघता सांगायचे, जाहिराती आल्यात फक्त. कसल्या पोस्टची वाट बघतेस, असं मी एकदाही विचारलं नाही.

तिला फोन लावला. बंद. मग आठवलं, आज तिचा सामना. ती विद्यापीठाच्या मुलींच्या संघात तीन वर्षं फुटबॉल खेळते. मी एकदाही गेले नव्हते. आधी पेपर काढ, मग येते बघायला, असं माझं ठरलेलं उत्तर होतं. एरवी मी संध्याकाळी तिला दिवाळीसाठी आणायला जाणार होते, ती दुपारीच निघाले. सासूबाईंनी बूट चढवले. "मीही येते. नातीला खेळताना कधी बघितलंय मी?" नाही म्हणायला कारण सापडलं नाही. नवऱ्याला म्हटलं, देव पुसून ठेव.

मला वाटलं होतं, विद्यापीठाचा सामना म्हणजे स्टेडियम, तिकीट, गर्दी असेल. झाडांमागे एक प्लास्टिकच्या गवताचं मैदान होतं, एका बाजूला तीन लाकडी पायऱ्या, आणि एकूण माणसं पंचवीस असतील. घडीच्या टेबलावर थर्मास आणि घरी केलेला प्लमचा केक. कोणी बुटाच्या नाडीवर चिकटपट्टी गुंडाळत होतं. माझ्या मुलीची पाठ मी केसांवरून ओळखली. तिच्या पाठीवर आठ आकडा होता हेसुद्धा मला तिथे कळलं.

शेजारी माझ्याच वयाची एक जर्मन बाई होती. गोलकीपरची आई. तिने बसायला गादी सरकवली. "पहिल्यांदा आलात?"

"या," मी म्हटलं, म्हणजे हो.

"मग थंडी वाजणार. पहिल्यांदा येणारे सगळे पातळ जाकीट घालून येतात."

आमच्यासारखे नवखे तिला चेहऱ्यावरून कळत असावेत. तिने मला नियम सांगायला सुरुवात केली. मी मान हलवत गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर म्हणत होते आणि पर्समधलं पाकीट चाचपत होते. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे तिने सांगितलं असेल तरी माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. समोरच्यांनी गोल केला तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. तिने हळूच माझी बाही ओढली.

सासूबाई मात्र रंगल्या होत्या. त्या शाळेत खो-खो खेळायच्या. "अगं, एकीनेच किती पळायचं? दमली ती! मागून खो का देत नाही कोणी?" आणि मग दोन्ही हात तोंडाशी धरून, "पळ गं माझे बाई, पळ!"

मैदानावर मुलीने वळून बघितलं. आम्ही दोघी दिसल्यावर ती हसली आणि तिच्या पायातला चेंडू गेला. एवढी मोकळी हसताना मी तिला घरी बघितलेलं नव्हतं. ती चांगली खेळते की वाईट, मला कळलं नाही. सारखी ओरडत होती, हाताने दाखवत होती, पडली तरी लगेच उठत होती आणि बाकीच्या मुली तिचं ऐकत होत्या. विद्यापीठाच्या संघात खेळायला नाव पटावर लागतं. तिचं आता नव्हतं.

तीन-एक हरल्या. सासूबाईंना कोण जिंकलं ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. त्या केक घ्यायला गेल्या तेव्हा मी पाकीट पुढे केलं.

मुलीने आधी तारीखच बघितली. आतला कागद काढलाच नाही.

"इंटरनेटवर निकाल ऑगस्टमध्येच दिसला होता," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मी ह्याची वाट बघत होते. ह्याच्याशिवाय हरकत घेता येत नाही. परीक्षेच्या दिवशी मला एकोणचाळीस ताप होता, ममा. डॉक्टरांचा कागद आहे माझ्याकडे. सगळं लिहून तयार आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय म्हणाली असतीस?"

मी काय म्हणाले असते, ते आम्हा दोघींना माहीत होतं.

तेवढ्यात सासूबाई कागदी बशीत केक घेऊन आल्या. पाकीट नातीच्या हातात बघून त्यांचा चेहरा खुलला. "मिळालं का? मी ठेवलं होतं हो देवाखाली! झालीस ना पास?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मग मराठीत, जे ती फार क्वचित बोलते, "हो आजी," म्हणाली, आणि वाकून त्यांच्या पाया पडली. घामाच्या जर्सीत, गुडघ्याला काळे रबराचे कण चिकटलेले. गोलकीपरची आई दुसरीकडे बघायला लागली.

मुलगी अंघोळीला गेल्यावर मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला फोन केला. त्याची बायको वकील आहे. तिने नीट ऐकून घेतलं. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, म्हणाली, पण चूक तुमची नव्हती हे दाखवावं लागतं. घरच्याच माणसाने पत्र बाजूला ठेवलं आणि तुमची मुलगी वाट बघत असूनही कोणी शोधलं नाही, हे कोण मान्य करेल? ज्यांनी ठेवलं त्यांच्या सहीचं निवेदन जोडा. पण आशा ठेवू नका.

परतताना गाडीत मी मुलीला हे सांगितलं. "लास," ती म्हणाली, म्हणजे राहू दे. "आजीला कळेल." मागच्या सीटवर सासूबाई घोरत होत्या. वसतिगृहाची खोली कधीपर्यंत ठेवता येईल, असं मी विचारलं. महिनाअखेर, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उठले. मुलगी झोपलेली होती. अर्ज मी तिच्या नावाने टाइप केला, आणि खाली सासूबाईंचं निवेदन, जर्मनमध्ये: मला जर्मन येत नाही, पत्र मी ठेवून दिलं आणि विसरले. सासूबाई चहा पीत होत्या. कागद पुढे केला.

"कसला गं हा?"

"तुमच्या प्रवास विम्याचा."

त्यांनी चष्मा लावला, कप बाजूला सरकवला आणि मराठीत, एकेक अक्षर सुटं, पूर्ण नाव लिहिलं. मी कागद पाकिटात घातला आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. पेटीवर लिहिलं होतं, रविवारी पोस्ट काढत नाहीत. घरी येऊन मुलीच्या कपाटात ठेवलेल्या जास्तीच्या रजया बाहेर काढल्या, तळघरात नेल्या आणि तिच्या कपड्यांसाठी चार कप्पे पुसून ठेवले.