माझ्याशिवाय झालेला तास

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. शरीररचना शिकवणारी बाई मी, रोज मृतदेहाशेजारी उभी राहणारी... भीती असती तर ही नोकरी झालीच नसती! तरीही हे सांगते.

साल १९८२. महाडला एका संस्थेने नर्सिंगचा वर्ग काढला होता, पण शरीररचना शिकवायला माणूस नव्हतं. आमच्या मुंबईच्या कॉलेजने ठरावीक फी घेऊन ते काम पत्करलं आणि दर शनिवारी मला धाडू लागलं. पहाटेची एसटी, अकराचा तास.

त्या शनिवारी घसा आणि श्वासनलिका शिकवायची होती. माणगावच्या अलीकडे एसटी बंद पडली. शेजारी एक बाई मांडीवरच्या पोराला शेंगदाणे भरवत होती. मनात आलं — दाणा श्वासनलिकेत गेला तर? पुस्तकात नसलं तरी मुलींना हे सांगायला हवं. बसल्या बसल्या अख्खा तास मनातल्या मनात घेतला... मागून येणाऱ्या गाड्या सगळ्या भरलेल्या. दोन वाजले, तेव्हा मुंबईकडची एसटी पकडून घरी परतले.

पुढच्या शनिवारी वर्गात माफी मागणार, तोच शेवंता उभी राहिली. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरची, एरवी अबोल मुलगी.

“मॅडम, तुमच्यामुळं आमच्या शेजारणीचं पोर वाचलं. रविवारी चिंचोका अडकला घशात, निळं पडलं हो! गाडीरस्ता दोन तासांवर हाय. तुम्ही सांगितलं तसं मांडीवर पालथं घातलं, डोकं खाली, पाठीत थापा दिल्या... पडला बाहेर!”

“मी कधी सांगितलं?”

“गेल्या शनिवारी.”

“अगं, मी आलेच नव्हते!”

सगळा वर्ग हसला. त्यांना थट्टाच वाटली.

मी तिची वही मागितली. गेल्या शनिवारचीच तारीख. श्वासनलिकेची आकृती, खाली ओळ — ‘लहान मुलास शेंगदाणा अडकल्यास...’ इतर वह्यांतही तेच. शेंगदाण्याचं मी कुणापाशीच बोलले नव्हते!

संस्थेच्या कारकुनाला म्हटलं, “त्या तासाची फी लावू नका.”

“असं कसं, मॅडम? दारातून मी स्वतः बघितलं तुम्हाला शिकवताना.”

 

त्या रात्री महाडलाच राहिले आणि दुसऱ्या दिवशी शेवंताबरोबर वाडीवर गेले. पोर अंगणात कोंबड्यांमागे धावत होतं. त्याची आई म्हणाली, “बाय, शेवंता नसती तर? आमाला पन शिकवा की.”

शेजारच्या बायका जमल्या. एकीने पोराऐवजी उशी आणली. अंगणातच बसून शिकवलं, फी न घेता.

तो तास मात्र मीच घेतला... एवढं खात्रीने सांगते.