पेंग्विनची सातवी घडी

विभागप्रमुख सरांची जिरवली, ती मी ठरवून. चुकून झालं असं मी कुणालाही सांगत नाही.

गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. तीन वर्षं दर शनिवारी व्हरांड्यात टेबल मांडून मी कागदाचे प्राणी करत बसायचे. पेंग्विन, हत्ती, कोल्हा. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना प्राण्यांची भारी हौस, ज्याच्या-त्याच्या चिन्हावर एखादं जनावर असतंच. पेंग्विन बघून मुलं थांबली की मी त्यांना पकडायचे. या सॉफ्टवेअरचा आतला कोड कुणीही उघडून बघू शकतं, दुरुस्त करू शकतं, वाटू शकतं, हे सांगायचे. घोटी-पेठकडच्या खेड्यांतली मुलं रडतखडत चालणारे जुने लॅपटॉप घेऊन यायची. "मॅडम, खरंच फुकट हाय का?" एकीने विचारलं होतं. तिचा लॅपटॉप मी तिथेच बसून सुरू करून दिला.

सर येता-जाता म्हणायचे, "काय मॅडम, बालवाडी काढली का?" आणि स्वतःच हसायचे.

यंदा कॉलेजने याच विषयावर मोठा कार्यक्रम ठरवला. छापील पत्रिका हातात आली. वर माझ्या पेंग्विनचा फोटो, सरांच्या तळहातावर. खाली 'संकल्पना' आणि सरांचं नाव. माझं नाव चहापान समितीत. तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात सर म्हणाले, "मॅडम, पेंग्विनच्या पायऱ्या जरा कागदावर काढून द्या. उद्घाटनाला मीच करून दाखवतो."

दिल्या काढून. सुबक बाण, ठळक आकडे. फक्त सातवी पायरी, शेपटी मागे दुमडायची, ती गाळली आणि बाराच्या अकरा केल्या. ती घडी नसेल तर पेंग्विन उभाच राहत नाही, चोचीवर पडतो.

भर सभागृहात तो तीनदा पडला. कॅमेरा लावलेला, त्यामुळे मागच्या पडद्यावर हत्तीएवढा होऊन पडत होता. मुलं हसायला लागली. सरांना घाम फुटला आणि मला, खोटं कशाला बोलू, तीन वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. मनात म्हटलं, काढा आता बालवाडी.

मग सरांनी टेबलावर नमुन्याला ठेवलेला माझा पेंग्विन उचलला आणि सावकाश उलगडला. आपलाही उलगडला. दोन्ही कागद शेजारी ठेवून घड्यांच्या रेघांवरून बोट फिरवत गेले. एका रेघेवर बोट थांबलं. ती घडी त्यांनी आपल्या कागदावर घातली, बाकीच्या पुन्हा घातल्या, आणि पेंग्विन उभा राहिला.

सरांनी माझ्याकडे बघितलं. माईकवर म्हणाले, "ही घडी मॅडमनी मुद्दाम गाळली होती."

मी दाराकडे बघितलं.

"उघडून बघता आलं तरच चूक सापडते, हे तुम्हाला दाखवायला. ही सगळी कल्पना त्यांचीच. पत्रिकेत त्यांचं नाव घालायचं माझ्याकडून राहिलं. या मॅडम, वर या."

सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मी गेले, हसले, नमस्कार केला. गुच्छ देताना सरांनी माईक बाजूला धरला आणि हळूच विचारलं, "सातवी ना?"

मी मान हलवली.

तीन वर्षं जे हवं होतं ते मला मिळालं, आणि तेही त्यांच्याच हातून. सरांना मी अजून माफ केलेलं नाही.