बांधावरची माती

त्या उन्हाळ्यात माझा सगळा हट्ट पाण्यासाठी होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. येडगावहून येताना टेम्पो उलटला, माझा पाय मोडला आणि ऑपरेशन करून मला मंचरच्या एका दवाखान्यात ठेवलं. तिथल्या बोअरची मोटर जळालेली. पेशंटला मिळे ते फक्त प्यायचं पाणी. नमाजआधी हात-तोंड-पाय धुवून पाक व्हायचं, त्या वजूला पाणी नाही म्हणून तीन दिवस माझी नमाज सुटली. माझे मालक समजावत होते, "तयम्मुम कर. पाक मातीवर हात टेकवायचे न् तोंडावरून, हातांवरून फिरवायचे. अल्लानंच सवलत दिलीय." मला ते पटेना. मातीनं कुणी पाक होतं का, असं मनात येई, आणि असं मनात येतं याचीच भीती वाटे.

चौथ्या दिवशी मालक पोरांकडे घरी गेले. टाकीच्या तळाशी थोडं पाणी असेल म्हणून मी पाय ओढत निघाले आणि दारातच पडले. टाके उसवले. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं केलंत तर परत ऑपरेशन करावं लागेल.

शेजारच्या खाटेवर महाळुंगे पडवळच्या एका धनगर बाईची सून होती. त्या बाईनंच मला उचललं. "पान्यापायी जीव देता का बाय?" मी रडत रडत तिला सगळं सांगितलं. सांगता सांगताच ठरलं, पाणी असो नसो, आता एकही नमाज सोडायची नाही. पण आवारात जिथं बघावं तिथं गाड्यांचं तेल आणि पिचकाऱ्या. पाक माती आणायची कुठून?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गावाहून भाकरी घेऊन आली. सोबत धुतल्या फडक्यात बांधलेली कोरडी माती.

"उंच बांधावरची हाय. मेंढरू बी फिरकत न्हाई तिथं. चालंल का तुमाला?"

मी मान डोलावून फडकं हातात घेतलं.

"तोंड कुनीकडं करायचं?"

मी मावळतीकडे बोट केलं. तिनं एकटीनं खाट ढकलून वळवली.

मी मातीवर हात टेकवले, चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवले आणि बसूनच दुपारची, जोहरची नमाज पढले. ती डोक्यावर पदर घेऊन बाजूला बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "माज्या सुनंचं बी सांगा त्याला." मी तिच्या सुनेसाठी दुवा मागितली.

सून बरी होऊन घरी गेली. माझा पाय जुळला, किंचित आखूड राहिला इतकंच. आपल्या ताकदीनं पाक होऊन अल्लासमोर जायचं, हा माझा गर्व होता. तो सुटला, याबद्दल मी आजही त्याचे आभार मानते. मला पाण्यापर्यंत जाता आलं नाही. त्यानं माती माझ्या खाटेपर्यंत पोचवली.