यंत्राच्या डोळ्यावर झेंडूचा हार

मंडळी, घरी येऊन तासच झालाय, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आज आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. बोम्मसंद्र्याला नातीच्या कारखान्यात गेलो होतो. तिने चालू रोबोला झेंडूचा हार घातला आणि मी सगळ्यांदेखत ओरडलो, "काढ तो आधी!"

साठच्या दशकात मी इथेच, बेंगळूरला, पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो. नव्या प्रेसला विजेचा डोळा होता. समोर पत्रा येऊन उजेड अडला, की ती आपोआप खाली यायची. पूजेला आम्ही तिला भलामोठा हार घातला. दुसऱ्या दिवशी तो काढायचा कुणाला धीर होईना. देवाचा हार ना!

प्रेस चालू होती. माझा जोडीदार रामण्णा साच्यावरचं कुंकू पुसत होता. फडकं साच्यावरच ठेवून घाम टिपायला त्याने हात वर घेतला, तेवढ्यात वाऱ्याने हार डोळ्यासमोर झुलला. धाडकन प्रेस खाली! फडक्याच्या चिंध्या झाल्या. त्या डोळ्याला पत्रा काय, फुलं काय, सारखंच.

नात म्हणाली, "अज्जा, स्वल्प शांत व्हा. याला कॅमेरा आहे, कंप्युटर आहे. हा माणूस ओळखतो."

"कॅमेरा कुठाय?"

तिने हार बाजूला सारला. कॅमेरा त्याच्याच खाली होता.

तुम्ही आज हार कुठे घातलात?