माझ्याकडं बघून बोल

नववीतली ती मुलगी तीन दिवस वर्गात गप्प होती, म्हणून गुरुवारी वर्गशिक्षकांनी तिला माझ्याकडे पाठवलं. तुळजापूरच्या त्या शाळेत मी समुपदेशक म्हणून नवी होते आणि उत्साह नुसता उतू जात होता. प्रशिक्षणात शिकवलेलं तोंडपाठ होतं: समोर बसवा, नजरेला नजर द्या. "माझ्याकडं बघून बोल," मी चारदा म्हटलं. तिची मान आणखीच खाली. पाचव्यांदा म्हटल्यावर ती पुटपुटली, "चुकलं, मॅडम." काय चुकलं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. आमच्याकडं मोठी माणसं पोरींना "वर बघ" म्हणतात ती रागावतानाच. इथंच वाढून मी हे विसरले होते! स्वतःचाच असा संताप आला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती कवड्या ओवत बसलेली दिसली. देवळाच्या वाटेवर त्यांचं दुकान, माळा घरच्यांनीच करायच्या. मी शेजारी सतरंजीवर बसले. "मलाही दे थोड्या." दोघींच्याही माना खाली. माझा दोरा सारखा सुटायचा. ती हसली, आणि मग सुरूच झाली!

कबड्डी. ती डावा कोपरा सांभाळायची. "चढाईवाली वळली की म्या घोटाच धरते, मॅडम. लई मज्जा येती!" पुण्याच्या निवासी क्रीडाशाळेसाठी तिची निवड झाली होती. मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. पण वडिलांची सही शनिवारपर्यंत हवी होती आणि अर्ज चार दिवस भूगोलाच्या वहीत दडलेला.

"आबा न्हाय म्हणले तर? तुमी येता का संगं?"

शाळा सुटल्यावर आम्ही दुकानात गेलो. वाटेत मी मनात जोरदार भाषण तयार केलं होतं. तिनं अर्ज पुढं ठेवला. आबांनी तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, "मॅडम, एवढ्या लांब ऱ्हाईल का ही?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "त्यास्नी नका इचारू, आबा. मला इचारा."

आबा माझ्याकडं पाठ करून तिच्याकडं वळले. "बरं. तू सांग."

ती सांगत गेली. गिऱ्हाईक येऊन थांबलं, तरी आबा उठले नाहीत. मीही, आयुष्यात पहिल्यांदाच, इतका वेळ गप्प बसले.

सही करून त्यांनी अर्ज तिच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "एवढं बोलती व्हय ही? आमाला म्हाईतच न्हवतं."