ओठांत ळ दिसत नाही

फोनची मेमरी भरली की तो निदान बोंबलतो तरी. आमच्या कंपूचे किस्से मात्र साचतच राहतात, डिलीट करायची सोयच नाही!

गाण्याच्या व्हिडिओंचं हे खूळ सुरू झालं प्रीतीपायी. प्रीती म्हणजे शेजारच्या लीलाकाकूंची सून. माहेर मझौलीचं, घरात सगळी हिंदी. गळा असा गोड की ऐकत राहावं, पण ळ काही येईना! एका बारशाला सगळ्यांसमोर म्हणाली, "बाल किती गोड आहे!" बाळाच्या डोक्यावर एक केस नव्हता.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत गायचं तिच्या फार मनात होतं. अध्यक्ष वसुधाताईंनी तोंडावर सांगितलं, "आधी ळ येऊ दे, मग स्टेज." प्रीती घरी येऊन रडली. काकू भडकल्या, "काहून रडून राहिली? मी गातो, तू नुसते ओठ हलव. ओठांत ळ दिसत नाही!"

काकूंनी माहेरचं डोहाळ्यांचं गाणं रेकॉर्ड केलं आणि मी मोबाइल घेऊन शूटिंगला लागले. व्हिडिओ म्हटल्यावर वसुधाताईही पडद्यावर दाखवायला राजी झाल्या.

*

पहिला शॉट अंगणात. प्रीतीच्या मागे कॉलनीतल्या बायकांचा कोरस. रंगात आलं आणि फॅक्टरी सुटल्याचा भोंगा वाजला. कोरस गाणं टाकून चहा ठेवायला पळाला! त्यातल्या बहुतेकींचे नवरे रिटायर होऊन जमाना झालाय.

*

भेडाघाटला तर कहरच. नावेत पुढे प्रीती ओठ हलवतेय, मागे नावाडी भैया नेहमीच्या झोकात संगमरवराचं वर्णन ऐकवतोय. घरी येऊन वर गाणं चढवलं, तर काकूंच्या आवाजात नावाडीच गातोय! मिशीसकट त्याला डोहाळे लागलेले. तो शॉट काढायला कुणीच तयार होईना.

*

काकूंना स्वतःला काही ते नुसते ओठ हलवणं जमलं नाही. म्हणाल्या, "आवाजाशिवाय तोंड हलवाले मी काय पान खाऊन राहिली का?"

प्रीती मात्र पोळ्या लाटतानाही तालीम करायची. काकू शेजारी भाजी चिरत बसायच्या. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असायचं, आत काय चाललंय ते आम्हाला कळत नसे.

*

कार्यक्रमाला हॉल खचाखच भरला. पडद्यावर प्रीती आली, पहिली ओळ झाली आणि स्पीकर ठप्प! नुसते ओठ हलताहेत. लोक खिदळायला लागले. "बंद करा ते," म्हणत वसुधाताई उठल्या.

माझ्या शेजारी बसलेली प्रीती पांढरीफटक पडली. मग पडद्याकडे बघत ती हळूच उभी राहिली आणि गायला लागली. आपल्याच ओठांशी ओठ जुळवून! डोहाळे, केळी, जांभळं, कोवळी काकडी... एकेक ळ असा ठणठणीत की वसुधाताई उभ्या होत्या तशाच खाली बसल्या. नावाडी आला तेव्हा हॉल हसला, ती हसत हसत गात राहिली. माझे तर डोळेच भरून आले. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात, आणि पहिला "वन्स मोअर" वसुधाताईंचाच!

आता तरी नीट आवाज यावा म्हणून मी स्पीकरची वायर चाचपत गेले. वायर पुढच्या रांगेत गेली होती, थेट लीलाकाकूंपर्यंत. प्लग त्यांच्या पदराखाली, मुठीत घट्ट!

माझ्याकडे न बघताच काकू म्हणाल्या, "राहू दे वं. त्याले काई नाई झालं."