दाजींचा वर केलेला हात

आमची आक्का घरच्या प्रत्येक लग्नकार्यात एक गोष्ट रंगवून सांगते, की परदेशी शिष्टाचारापायी तिच्या नवऱ्याने गाडी ओढ्यात घातली. ती गोष्ट खोटी आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, त्यांनीही नाही. पण आधी दाजी कळायला हवेत, कारण कोल्हापूर वसल्यापासून रस्त्यावर दुसऱ्या ड्रायव्हरचे आभार मानणारा हा एकमेव माणूस.

फाउंड्रीतल्या नोकरीपायी दाजी सहा वर्षं इंग्लंडात राहिले. नव्वदच्या दशकाअखेरीस परतले ते एक रेनकोट आणि तिकडची रस्त्यावरची रीत घेऊन. कुणी वाट दिली की हात वर करून मान लववायची. आपण वाट देणार असलो तर थांबून एकदा हेडलाइट मारायचा, म्हणजे ‘आधी तुम्ही’. आमच्याकडे हेडलाइटचा अर्थ ‘मी आलो, हाल तिथनं’ असा शेंबड्या पोरालाही पाठ. त्यामुळे मंगळवार पेठेतल्या एका चौकात दाजी दिवा मारून थांबले, समोरचा टेम्पोवाला दिवा बघून थांबला, आणि दोघे एकमेकांकडे बघत बसले. मागे रिक्षा, म्हशी आणि एक आख्खी वरात साठली. शेवटी टेम्पोवाला उतरून खिडकीशी आला.

“पावणं, जायाचं हाय का न्हाय? का हितंच मुक्काम?”

“आधी तुम्ही,” दाजी म्हणाले.

“मी कवाच गेलो असतो की. तुम्हीच लाइट मारून दम दिला.”

दाजींनी त्याची माफी मागितली, आणि तो गेल्यावर त्याच्या पाठीलाही हात केला.

हाताचं दुखणं आणखी निराळं. इथे हात केला की माणूस ओळखीचा ठरतो. एका दूधवाल्याने एकदा बाजू दिली, दाजींनी हात वर केला, तर तो मोटरसायकल वळवून थेट दारापर्यंत मागोमाग आला. “वळख लागली न्हाय. कुणाकडलं म्हणायचं?” दाजींनी आभाराचं कारण समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आक्काला हळूच विचारलं, “वैनी, बरं हाय न्हवं ह्यास्नी?” तरी चहा पिऊन गेला, आणि पुढे कित्येक वर्षं घरात दूध त्याचंच आलं. रंकाळ्यावर रस्ता सोडणाऱ्या म्हशीचेही दाजी आभार मानत. “तिलाही घाई असेल, मेव्हणे,” मला म्हणत.

गाडी ओढ्यात गेली त्या दिवशी गगनबावड्याहून परतताना मी हट्टाने दाजींकडून स्टेअरिंग मागून घेतलं. एका अरुंद पुलाशी समोरच्या ट्रकने दिवा मारला. इतरांच्या दिव्याचा इथला अर्थ दाजींना एव्हाना पुरता कळलेला होता. “थांबा, त्याला येऊ द्या,” ते म्हणाले. मला तर तो अर्थ जन्मापासून ठाऊक. तरी आपण आधी निघू या गुर्मीत मी गाडी दामटली. ट्रक काही थांबला नाही, आणि मी ऐनवेळी बाजूला घेतलेली गाडी ओढ्यात उतरली. मला साधं खरचटलंही नाही. दाजींच्या भुवईला चार टाके पडले.

दवाखान्यात आक्का शिरली ती बोलतच. “दिवा दिसला म्हणून घातली असणार पुढं. हितं काय लंडन हाय?” मी तोंड उघडलं नाही. येत्या रविवारी माझ्या सोयरिकीची बोलणी होती, एवढंच मला सुचलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि तिला म्हणाले, “सॉरी, माझं चुकलं.” दिवसातून वीसदा सॉरी म्हणणाऱ्या माणसावर शंका कोण घेणार?

आक्काने गाडी विकली आणि पुन्हा त्यांच्या हाती चावी दिली नाही. आता त्यांचा मुलगा नवी गाडी चालवतो, दाजी शेजारी हात मांडीवर ठेवून बसतात. एकदा मी विचारलं, “हल्ली हात करत नाही?” म्हणाले, “आभार चालवणाऱ्याने मानायचे असतात.” मला टोचायला बोलले नाहीत; म्हणूनच ते आत रुतून बसलं.

आक्काच्या गोष्टीला सगळे हसतात, सर्वांत आधी मी. दाजीही पानाकडे बघत हसतात. माझी सोयरीक जमली, संसार झाला, पोरं कॉलेजात गेली. आक्काला, त्या सगळ्यांच्या देखत, मला एवढंच सांगायचं राहिलंय: त्या दिवशी गाडी मी चालवत होतो.